कंदुरीचा खड्डा

नांदेड
ता. ८ बहमन, सन १३४९ फसली

तीर्थरूप अक्कास शेषेरावचा शिरसाष्टांग नमस्कार, विशेष.

इकडे सर्व क्षेम. आबांचे दिवस घालून निघालो त्याला तीन महिने होत आले. मधे पत्र टाकीन टाकीन म्हणत राहून गेलं. वकीलसाहेबांच्या कारकुनीत डोकं वर काढायला फुरसत नसते.

आता कामाचं. आमचे वकीलसाहेब कायमचे हैदराबादला चालले. संक्रांतीनंतरच्या बुधवारी त्यांना निरोपाची दावत द्यायची आणि ती आमच्या घरी, परसात द्यायची असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मीच बोलून बसलो. झालं असं, की हैदराबादचे दोन पाहुणे तापल्या दगडावर भाजलेल्या गोश्ताची तारीफ करून राहिले होते. मला राहवलं नाही. म्हणालो, हुजूर, आमच्या गावी पीरसाहेबाच्या कंदुरीच्या जेवणाला अख्खं बोकड जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात, हाडापासून मांस बोटानं सुटतं, आणि त्या खड्ड्याचा मान आमच्या घराण्याचा आहे. वडिलांनी मला हाताला धरून शिकवलं आहे. साहेब बेहद्द खूश झाले. जाताना ते मला नव्या वकिलांकडे लावून देणार आहेत, तेव्हा आता माघार घेता येत नाही.

तरी मेहरबानी करून खड्ड्याची सगळी रीत लिहून पाठव. किती खोल, लाकूड कोणतं, मसाला काय, वेळ किती. मला आठवतं सगळं, पण एकदा नजरेखालून गेलेलं बरं.

दुसरं. श्रीमंतकाकांचं पत्र होतं. आबा नाहीत, तर यंदा माघातल्या कंदुरीला खड्डा कोण पेटवणार असं विचारतात. मुलगा येत नसेल तर मान आमच्या घरी द्या, असा सूर आहे. मी येईन आणि मीच पेटवीन, असं कळवलं आहे. तू नेहमीसारखी मागची व्यवस्था बघ, म्हणजे झालं.

लक्ष्मी नमस्कार सांगते.

तुझा,
शेषेराव


मौजे चिंचगव्हाण, पोस्ट जळकोट
मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १८६१

चिरंजीव शेषेरावास कस्तुराअक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुपादप्पा गुरुजींनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा माझा विश्वासच बसंना, म्हणून दुसऱ्यांदा. आधी ते बहमन-फिहमन बंद कर. इथं शेतात ते कुणाला कळत न्हाई. तिथी लिहीत जा.

आबांनी तुला हाताला धरून शिकवलं म्हणं. कधी रे? खड्ड्यात पहिली काडी पडली की धूर डोळ्याला झोंबतो म्हणून तू मळ्यात पळायचास आन् पान मांडलं की हात धुवून हजर. मी तुला त्यात नावं ठेवत न्हाई, लहान होतास. पण नांदेडच्या वकिलाला सांगताना तरी जरा दमानं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली हाय. राहिली न्हाई, आबांनी सांगू दिली न्हाई. आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला असं तुला कळवलं होतं. कुठला मोतीबिंदू? आठ वर्सांमागं काळे दगड कमी पडले म्हणून आबांनी खड्ड्यात नदीचे गोटे घातले. नदीच्या गोट्याच्या पोटात पाणी असतं. तापला आन् फुटला, कपची उडाली ती थेट डोळ्यात. दुसरा डोळाबी वर्साच्या आत गेला. एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या हातनं अशी चूक झाली हे गावाला कळू नये, म्हणून मोतीबिंदू.

मग सात वर्सं खड्डा कुणी लावला? आबा काठी घेऊन कडंला बाजंवर बसायचे आन् मी करायची. लाकूड म्या रचलं, दगड म्या तापवले, बोकड म्या बांधलं. झाकण उघडायच्या वक्ताला मला घरात पिटाळायचे. खड्डा ज्याचा, मुंडी त्याच्या पानात, ही गावाची रीत. ती मुंडी आबांच्या पानात पडायची. गाव बघत होतं. कुणी बोललं न्हाई, मीबी बोलले न्हाई. आबांचा जीव त्यात होता, तवर ठीक होतं.

आता आबा न्हाईत. मागची व्यवस्था मी करणार न्हाई. यंदा खड्डा मी पेटवणार, मी उघडणार, आन् मुंडी माझ्या पानात. तू कंदुरीला यायचं आन् पाटलासमोर, श्रीमंतकाकासमोर, समद्या पंगतीसमोर उभं राहून म्हणायचं, खड्डा कस्तुराअक्काचा हाय. एवढे चार शब्द. कबूल असंल तर पुढची रीत सांगते.

तवर खड्डा खणून ठेव. एका बोकडाला कमरेइतका खोल, दोन हात रुंद, खाली जरा निमुळता. तळाला आन् कडंनं शेतातले कोरडे काळे दगड लाव. नदीचा एकबी न्हाई. कामून, ते सांगितलंय.

कस्तुरा

लेखनिकाचे निवेदन : बाई बोलतात तसेच लिहावे, सुधारू नये, अशी मला ताकीद आहे. मी लिंगायत मनुष्य, अंड्याच्या टोपलीवरूनही वळसा घालून जातो. माझ्या अक्षरात जो मजकूर गेला आहे त्याबद्दल परमेश्वर क्षमा करो. — गुरुपादप्पा


नांदेड
मार्गशीर्ष वद्य ३

तीर्थरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तिथी घातली आहे, बघ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कचेरीत नुसता बसून होतो. आबांच्या डोळ्याचं मला कुणी का सांगितलं नाही? मी काय परका होतो? मी नांदेडात साहेबांचे कागद नकलून राहिलो होतो आणि तिकडे एवढं घडलं.

तू केलंस ते थोर आहे, मी नाही म्हणत नाही. पण अक्का, पंगतीसमोर म्हणायचं म्हणजे काय, याचा विचार कर. गाव तुला आधीच नावं ठेवतं. मेहुण्यांनी दुसरी करून आणली आणि त्याच दिवशी तू गाठोडं उचलून माहेरी आलीस, हे लोक अजून विसरले नाहीत. त्यात बाईमाणसानं पुरुषांच्या पंगतीत मुंडी पुढ्यात घेऊन बसायचं? काका काय म्हणतील? लक्ष्मीच्या माहेरी कळलं तर मी तोंड कुठं लपवू? काम तू कर, तुझा हात कोण धरतो? नाव तेवढं माझं राहू दे. नावानं काय फरक पडतो? येताना तुला नारायणपेठी लुगडं आणतो, चांगलं काठापदराचं.

इकडे दिवस थोडे राहिले. परसात खड्डा खणून झाला. काळे दगड एका ओळखीच्या गाडीवानाकडून आणवले. शेजारी विचारतात, विहीर काढता का. पुढचं काहीच ठाऊक नसल्यामुळे मी रोज संध्याकाळी त्या खड्ड्याकडे बघत उभा असतो.

बरं, तुझा हट्टच असेल तर म्हणतो. आबांची शपथ, पंगतीसमोर म्हणतो. आता लवकर कळव.

शेषेराव


चिंचगव्हाण
मार्गशीर्ष वद्य ११

चिरंजीव शेषेरावास आशीर्वाद.

लुगड्याचं बोलून माझा जीव जाळलास. नावानं फरक पडत न्हाई म्हणतोस, तर मग ते तुझंच कामून ठेवायचं? पण आबांची शपथ घेतलीस. ती मोडायचा न्हाईस म्हणून सांगते. नीट वाच, लक्ष्मीलाबी वाचून दाखव.

बोकड दोन दाती बघ, दीड वर्साच्या वरचं नको. मुलाण्याकडून कापून आणलं की आदल्या दिवशीच मीठ चोळून ठेव. मसाला सकाळी. लसूण, आलं, धने, काळं तिखट आन् घट्ट दही. कच्ची पपई साल काढून वाट, पण मूठभरच. जास्ती झाली तर मांसाचा गाळ होतो.

पहाटे चिंचेचं लाकूड रच, खाली जाड, वर बारीक. बाभूळबी चालती. कडुनिंबाचं चुकूनबी घालू नको, मांस कडू होतं. तुराट्या पेटवण्यापुरत्या घे. त्यांचा नुसता भडका, निखारा धरत न्हाईत. लाकूड बसलं आन् दगडावरची काजळी जळून ते पांढरट दिसाया लागले की मूठभर ज्वारी टाक दगडावर. टाकल्याबरोबर लाह्या उडल्या तर थांब. खड्डा लई तापलाय, बोकड वरनं जळंल आन् आतनं कच्चं राहील. दाणा जरा दम खाऊन फुटला की खड्डा तयार.

मग बोकड पळसाच्या पानात गुंडाळ, तारेनं बांध आन् लोखंडी सळईला अडकवून आत सोड. दगडाला टेकू देऊ नको. निखाऱ्यावर जांबाची ओली फांदी टाक. तुम्ही शहरात पेरू म्हणता ते झाड. त्याचा धूर गोड असतो, तोच मांसात शिरतो. वर लोखंडी परात, परातीवर भिजवलेलं गोणपाट, त्यावर हातभर माती. जिथनं धूर निघंल तिथं अजून माती.

आन् मग काही करू नको. हे लई अवघड हाय. उघडून बघायचं न्हाई, काठीनं टोचायचं न्हाई. तिसऱ्या प्रहरापर्यंत गप बसायचं. आबांना दिसत नव्हतं तवा ते नुसत्या वासावर सांगायचे, कस्तुरे, दक्षिणेकडनं धूर गळतोय. मी बघायची तर खरंच गळत असायचा. तसं बसून बसून मलाबी वास कळाया लागला. असं शिकले मी, हाताला धरून न्हाई.

दावतीत उरलं तर टाकू नको. बोटाएवढ्या पट्ट्या काप, मीठ-हळद लाव आन् चुलीवर उंच तार बांधून धुरावर टांग. महिनाभर टिकतं. भाकरीसंगं कोरड्यास म्हणून बरं लागतं.

काल श्रीमंतकाका येऊन गेले. खड्ड्याच्या कडंनं पावलं टाकून लांबी मोजत होते. मी विचारलं, काका, काय हरवलं? म्हणाले, काही न्हाई, सहज. मी म्हटलं, सहज असंल तर घरी जा, चुलतीबाई वाट बघत असतील. गेले, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कस्तुरा

लेखनिकाचे निवेदन : पपईपर्यंत मी शांत होतो. — गुरुपादप्पा


नांदेड
पौष शुद्ध १०

अक्कास नमस्कार.

माझं नाक कापलं गेलं आहे आणि ते तू कापलंस, असं मला लिहावं लागतं याचं दुःख होतं.

तू सांगितलंस ते अक्षरन् अक्षर केलं. दोन दाती बोकड, चिंचेचं लाकूड, ज्वारी, जांबाची फांदी, सगळं. लक्ष्मीनं तर एवढे मोठे लोक येणार म्हणून खड्ड्याचा काठ आणि आतली भिंत ताज्या शेणानं सारवून घेतली, माती घाण दिसते म्हणून परातीच्या कडासुद्धा शेणानं जाड लिंपल्या, आणि भोवती रांगोळी काढली. परस इतकं सुंदर दिसत होतं की साहेबांनी आल्याबरोबर तारीफ केली. वीस माणसं बसली होती. मी स्वतः झाकण काढलं.

आतून जो वास आला तो लिहवत नाही. मांस शिजलं होतं, बोटानं सुटतही होतं, पण प्रत्येक घासाला गोठ्याचा वास. एक पाहुणे उठून भिंतीपाशी गेले. साहेबांनी दोन घास घेतले, पाणी प्यायले आणि हसत म्हणाले, शेषेराव, तुमच्या घराण्याचा मान गोठ्यात आहे वाटतं. सगळे हसले. मीही हसलो. शेवटी केळी आणून वेळ मारून नेली. नव्या वकिलांच्या नोकरीचं साहेबांनी त्या दिवशी नाव काढलं नाही, आणि काल निघून गेले.

तू काहीतरी सांगायचं ठेवलंस. मला तसं वाटत नव्हतं, पण लक्ष्मी म्हणते आणि आता मलाही वाटतं. माझी फजिती व्हावी, म्हणजे खड्डा तुझ्याशिवाय कुणाला येत नाही हे सिद्ध होईल, असा तुझा डाव होता. शपथ मी विश्वासावर घेतली होती. तो राहिला नाही. यंदाचा खड्डा श्रीमंतकाकांनी पेटवावा, माझी हरकत नाही, असं त्यांना आजच लिहिलं आहे. मी कंदुरीला येणार नाही.

शेषेराव


चिंचगव्हाण
पौष वद्य २

शेषेराव,

तुझं पत्र वाचता वाचता गुरुजी शेणापाशी आले आन् थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

अरे शहाण्या, खड्डा कधी कुणी सारवतं का? ती काय ओसरी हाय? त्याला नुसता जाळ द्यायचा, जाळानंच त्याची भिंत भाजून पक्की होती. म्या माती म्हटलं होतं. माती घाण दिसते म्हणून तुम्ही शेण लिंपलं, आन् त्यावर परात, त्यावर गोणपाट. ओलं शेण आतल्या आत दिवसभर धुपत बसलं आन् त्याचा सगळा धूर बोकडानं प्याला. जांबाची फांदी त्यापुढं काय करणार? सारवू नको, हे म्या लिहिलं न्हाई, खरं हाय. पीठ मळताना त्यात राख घालू नको, हेबी कधी लिहिलं न्हाई.

लक्ष्मीवर रागावू नको. पाहुणे येणार, जागा सारवायची, एवढंच पोरीला ठावं. तिला खड्ड्याजवळ कुणी कधी बोलावलं असतं तर कळलं असतं. तुझा मात्र मला राग आलाय, आन् तो मी लपवत न्हाई. वीस माणसं हसली तर तू बहिणीला खोटी ठरवलंस. मी डाव केला म्हणतोस. डाव करायचा असता तर कडुनिंबाचं लाकूड सांगितलं असतं, दोन ओळीत काम झालं असतं.

आन् काकांना लिहून मोकळा झालास. ते पत्र घेऊन काका गावभर फिरतात. पाटलाच्या ओट्यावर वाचलं, मारुतीच्या पारावर वाचलं. माझ्या दारात येऊन वाचाया लागले तवा मी दार लावून घेतलं आन् आत बसून रडले. तुला कळावं म्हणून सांगते, तुझी कीव यावी म्हणून न्हाई.

आता ऐक. माघी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी पहाटे खड्ड्यात काडी मीच टाकणार. तुझं पत्र, काकाचं म्हणणं, पाटलाचा हुकूम, कशानंच ते बदलायचं न्हाई. तू ये, नको येऊ, तुझी मर्जी.

कस्तुरा

लेखनिकाचे निवेदन : मांसाहाराचे मला काहीही ज्ञान नाही. तथापि ओले शेण झाकून जाळू नये, एवढे मलाही कळते. — गुरुपादप्पा


नांदेड
माघ वद्य ११

तीर्थरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

कसं लिहावं कळत नाही. येणार नाही असं लिहूनही मी कंदुरीला आलो, हे तू पाहिलंस. शेणाचं तू लिहिलंस ते मी लक्ष्मीला वाचून दाखवलं. ती दोन दिवस जेवली नाही, आणि कंदुरीच्या आदल्या दिवशी तिनंच मला मोटारीत बसवलं.

मी पोचलो तेव्हा खड्ड्यात निखारा पडला होता. तू पदर खोचून, सळई हातात घेऊन काठावर उभी होतीस आणि काका चार माणसं घेऊन समोर. तू म्हणालीस, ज्याला पेटलेला खड्डा पाहिजे त्यानं आधी मला उचलून बाजूला ठेवावं. कुणी पुढं झालं नाही. मग पाटील मधे पडले. भाजायचं ते तिला भाजू द्या, मुंडी श्रीमंतरावांच्या पानात पडेल, असा तोडगा त्यांनी काढला. तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. मला वाटलं, मिटलं.

दुपार कलताना पंगत बसली. साठ-सत्तर पानं असतील. मला काकांच्या शेजारी बसवलं. आणि तू झाकणावरच्या मातीवर लाकडी पाट टाकून त्यावर बसलीस. म्हणालीस, माझ्या भावाला चार शब्द बोलायचेत, ते झाले की उघडते. सगळ्या पंगतीनं माझ्याकडं बघितलं.

अक्का, मला बोलता आलं नाही. उभा राहिलो, एवढंच. काका हळूच म्हणाले, बस खाली, बायकांच्या नादी लागू नको. मी बसलो नाही, पण बोललोही नाही. तीनची मोटार होती, दुसऱ्या दिवशी नव्या वकिलांना भेटायचं होतं. मी निघालो.

पुढं काय झालं मला ठाऊक नाही. काकांचं पत्र नाही, तुझं नाही. म्हणून स्टँपाचा कागद करून सोबत पाठवत आहे. त्यात साफ लिहिलं आहे की सदरहू खड्ड्याचा मान मी माझी बहीण कस्तुराबाई हिला राजीखुशीनं देत आहे. खाली माझी सही आहे, दोन साक्षीदार आहेत. हा कागद पाटलांना दाखव. तोंडानं जमलं नाही ते लेखी केलं, एवढं समजून घे.

तुझा अपराधी,
शेषेराव


चिंचगव्हाण
फाल्गुन शुद्ध २

चिरंजीव शेषेरावास कस्तुराअक्काचा आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. ह्याच पाकिटात घालून परत करतेय. 'देत आहे' असं लिहिलंस. तुझा होता का तो मान, द्यायला? सही बाकी झोकात केलीस.

मोटार तीनला होती म्हणतोस. ती त्या दिवशी पाचाच्या पुढं हलली, चाक फुटलं होतं. गावातली गुरम्मा जळकोटाहून येत होती, तिनं तुला अड्ड्यावर भुईमुगाच्या शेंगा खात बसलेला बघितला. दोन तास तिथं बसलास आन् माघारी आला न्हाईस.

तू गेलास तवा काका मोठ्यानं म्हणाले, पळाला भाऊ, आता उघड. मी म्हटलं, न्हाई. भावाला जमलं न्हाई तर गावानं म्हणावं. पाटील रागानं लाल झाले. पीरसाहेबाचे मुजावर हात जोडून आले, म्हणाले, बाई, कंदुरीचं जेवण दिस बुडायच्या आत, जागेवर संपवायचं असतं, घरी न्यायचं नसतं, न्हाईतर समदं मातीत पुरावं लागंल. मला काय ठावं नव्हतं ते? मांसाची मला काळजी नव्हती, झाकलेला खड्डा संध्याकाळपर्यंत थांबतो. पण दिस थांबत नव्हता. पीरसाहेबाचं जेवण मातीत गेलं असतं तर गावानं मला त्याच दिवशी वेशीबाहेर काढलं असतं. खरं सांगते, खालनं पाट गरम, वरनं ऊन, आन् समोर साठ-सत्तर माणसं रिकाम्या पानांवर बसलेली. लई भ्याले मी. पण उठले न्हाई. सात वर्सं झाकण उघडायच्या वक्ताला उठून घरात गेले होते, तेवढं पुरे झालं.

कुणी म्हणालं हिला ओढून काढा. दोघं उठलेबी. मी सळई आडवी धरली. म्हटलं, या, पण मांसाला हात लावायच्या आधी मला लावावा लागंल, आन् ते पीरसाहेब बघतील. बसले खाली.

तवा पलीकडं चिंचेखाली आपली भाकरी सोडून बसलेले हे गुरुजी उठले.

(इथून पुढची चार वाक्ये लिहिण्यास मी नकार दिला होता. ताकीद मिळाली. — गु.)

गुरुजी पंगतीच्या मधोमध आले. घसा खाकरला आन् शाळेत पाढे म्हणतात तसं म्हणाले, "मला यातलं काही खायचं नाही, म्हणून मला बोलायला सोपं आहे. सात वर्षं हा खड्डा कस्तुराबाई लावतात, हे मी शाळेच्या ओट्यावरून बघतो आहे. तुम्हीही बघता आहात. खड्डा त्यांचा आहे." एवढं बोलले आन् परत जाऊन भाकरी खाया लागले.

मग शेवटच्या पानावरनं मलप्पा धनगर उठला. म्हणाला, बोकडं माझी, भूकबी माझीच, खड्डा कस्तुराबाईचा. वाढा आता. त्याच्या शेजारचा म्हणाला. मग त्याच्या शेजारचा. मी म्हटलं, असं घोळक्यात न्हाई, एकेकानं. पानावरनं पान म्हणत आले. कुणी हसत म्हणालं, कुणी खाली बघून. पाटील म्हणाले तवा मिशीत काहीतरी पुटपुटले, पण मला ऐकू आलं. काका उरले. उन्हं चिंचेच्या शेंड्याला गेली होती. काका पानाकडं बघून काहीतरी बोलले. मी म्हटलं, काका, ऐकू आलं न्हाई. मग मोठ्यानं म्हणाले.

मग मी उठले आन् माती काढली. परात बाजूला केली तवा जो वास सुटला, त्यानं लेकरं भांडायची थांबली. हाडापासनं मांस नुसतं बोटानं सुटत होतं. समद्यांना वाढलं, काकांना पहिल्यांदा, ते वडील हायत. मग माझं पान त्यांच्या समोर मांडलं, मुंडी त्यात घेतली आन् बसून खाल्ली, सावकाश. मला चव नीट कळली न्हाई. आबांची लई आठवण येत होती.

तुझं पान काकांच्या शेजारी तसंच होतं. मी ते कुणाला घेऊ दिलं न्हाई, उचलूबी दिलं न्हाई. दिस बुडाला तवा त्या रिकाम्या पानासकट पंगत उठली.

तू अपराधी म्हणून सही केलीस. ते मला नको. आबांच्या शपथेचं मी काढणार न्हाई, ते तुझं तू आन् आबा बघा. पुढल्या माघात ये. लक्ष्मीला घेऊन ये, तिला मी खड्ड्याच्या काठावर माझ्याशेजारी बसवीन आन् समदं दाखवीन. तुलाबी पंगतीत जागा ठेवीन. पण गावानं म्हटलं ते तुलाबी म्हणावं लागंल, उभं राहून, तोंडानं. काकानं म्हटलं, पाटलानं म्हटलं, एक तूच राहिलास. वाढत वाढत मी तुझ्यापाशी येईन आन् थांबीन. तू गप बसलास, तर पुढच्या पानाकडं जाईन.

कस्तुरा